मैलापाण्यातले नत्र आणि पाळण्यातले बाळ

‘आमच्याकडे नळाला दोन दिवसांआड पाणी येते. मधल्या दिवसांत परसातल्या विहिरीचे पाणी गाळून, वीस मिनिटे उकळून वापरतो. सुनेला दूध कमी येते म्हणून दीड महिन्याच्या नातवाला याच पाण्यात पावडरचे दूध कालवून देतो. उकळलेले आहे, म्हणजे चालेल ना?’ असा प्रश्न एका आजीबाईंनी विचारला आहे. विहिरीपासून संडासाची टाकी किती दूर आहे, तेही त्यांनी न विचारता सांगून टाकले आहे : पंधरा हात.

आजीबाईंना उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. विहिरीचे पाणी तपासून घेईपर्यंत बाळाला ते देऊ नये. उकळलेलेही देऊ नये. नळाचे पाणी बाळापुरते वेगळे साठवून, उकळून ठेवावे. आता हे असे का, ते सविस्तर पाहू. थोडे रसायनशास्त्र येईल, पण घाबरण्याचे कारण नाही.

पाणी उकळले की कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू मरतात. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी सतत ‘पाणी उकळून प्या’ असा घोशा लावतो आणि तो बरोबरच आहे. पण पाण्यात विरघळलेला क्षार उकळून जात नाही. मिठाचे पाणी उकळत ठेवले तर ते अधिकच खारट होते, हे कुठल्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. नायट्रेट हा असाच एक क्षार आहे. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात सापडतो तेवढ्या प्रमाणात चवही नाही. दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केले तर त्यातले नायट्रेट दुप्पट दाट होते. म्हणजे काळजी घेणाऱ्या घरात बाळाला ते जास्तच मिळते.

तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असते. त्यामुळे तेथे जिवाणू वाढतात आणि नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात हा बिघाड दुरुस्त करणारे द्रव्य भरपूर असते. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळात ते अपुरे असते. मग बाळाचे ओठ, नखे निळसर-करडी दिसू लागतात. छातीत घरघर नाही, खोकला नाही, तरी बाळ निळे! रक्त काढले तर ते चॉकलेटच्या रंगाचे निघते. जुलाब झालेल्या बाळाला हा धोका अधिक असतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अशा बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. शेतावरच्या विहिरीचे पाणी, त्यात कालवलेले दूध आणि निळे पडलेले मूल यांचा संबंध त्यांनी जोडला. त्यानंतर तेथे अनेक राज्यांतून माहिती गोळा झाली आणि त्यावरून मर्यादा ठरली. आपल्याकडे भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये आणि त्याला सवलत नाही. दुसरा स्रोत नसेल तेव्हा काही क्षारांच्या बाबतीत थोडी सूट मिळते, तशी येथे दिलेली नाही.

हे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय? केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल पाहावा. देशातल्या भूजलाच्या नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही जास्त निघाले. देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव अशी आपली सात नावे आहेत.

हे येते कुठून?

शेतातल्या युरियाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते खोटेही नाही. पण भर गावात, जिथे शेत नाही, तिथल्या आडात आणि बोअरमध्ये नायट्रेट कुठून येते? ते आपल्या ताटातून येते. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांत साधारण सहावा हिस्सा नत्र, म्हणजे नायट्रोजन असतो. वाढ पूर्ण झालेले शरीर हे नत्र साठवत नाही. जेवढे खातो जवळजवळ तेवढे रोज बाहेर टाकतो, आणि त्यातला बराचसा भाग लघवीतून जातो. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिने खाणारा माणूस रोज सुमारे साडेनऊ ग्रॅम नत्र बाहेर टाकतो.

आता पन्नास हजार वस्तीचे आपल्यासारखे तालुक्याचे गाव घ्या. माणशी दहा ग्रॅम धरले तर रोजचे पाचशे किलो नत्र झाले. युरियात शेकडा ४६ नत्र असते. पंचेचाळीस किलोच्या पोत्याचा हिशेब केला तर आपण सगळे मिळून रोज चोवीस पोती युरिया गटारात आणि जमिनीत ओततो, तेही रविवार न पाळता!

सेप्टिक टाकी हे नत्र अडवत असेल असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. टाकीत जड मैला खाली बसतो, हवेविना कुजतो, थोडा वायू होऊन जातो. मैल्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा भार बराच हलका होतो. नत्र मात्र अमोनियाच्या रूपात पाण्यात विरघळून बहुतांशी तसेच पलीकडे जाते. (सार्वजनिक मुतारीपाशी नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया.) टाकीतले पाणी शोषखड्ड्यात उतरते. खड्ड्याभोवतीच्या मातीत हवा असते, तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. माती जंतू गाळते, अमोनियाही काहीसा धरून ठेवते, पण नायट्रेटला ती धरत नाही. ते पाण्याबरोबर चालू लागते. आपल्या काळ्या खडकातल्या फटींतून तर ते विनासायास जाते. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान दहा मीटर अंतर ठेवा असा जो नियम सांगतात, तो जंतूंचा हिशेब धरून आहे. नायट्रेट तेवढ्यावर थांबेल अशी हमी त्यात नाही. आजीबाईंचे पंधरा हात तर सात मीटरही भरत नाहीत.

पॅरिसची काचनळी

मैलापाण्यातले नत्र काढायचे असेल तर उपाय निसर्गातच आहे, आणि तो जिवाणूंच्याच हातात आहे. १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सावकाश मैलापाणी सोडले. पहिले वीसएक दिवस वरून अमोनिया जाई आणि खालून अमोनियाच येई. मग एकाएकी खालून नायट्रेट येऊ लागले. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस वाट कशाला पाहावी लागली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! वाफ काढून टाकली, तरी बंदच. मग मातीचे थोडे धुवण वरून ओतले, तेव्हा काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. हे काम करणारे कोणीतरी जिवंत आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

ही मंडळी विलक्षण आहेत. ती आपल्यासारखे अन्न खात नाहीत. अमोनिया जाळून त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर जगतात आणि शरीर बांधायला हवेतला कार्बन वायू वापरतात. एक कूळ अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. या जगण्यात मिळकत फार थोडी, म्हणून वाढ मंद. मैला खाणारे सामान्य जिवाणू काही तासांत कितीतरी पटींनी वाढतात, हे मात्र एकाचे दोन व्हायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतात. शिवाय प्राणवायू भरपूर लागतो. एक ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅम. पाण्यातला क्षारपणाही ते खर्च करतात, त्यामुळे पाणी आंबट होऊ लागते.

मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा फुंकून पाहिली, तेव्हा सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ कोणत्या शहराला परवडणार? पण त्यांनी एक शहाणपणा केला. तळाला बसलेला गाळ फेकून न देता तोच ठेवून वर नवे मैलापाणी घेतले. असे करत गेल्यावर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. दह्याला विरजण ठेवतात तसाच हा प्रकार. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. आज जगातली बहुतेक मैलाशुद्धीकरण केंद्रे याच विरजणावर चालतात.

पहिले जेवण कोणाला?

इथवर अमोनियाचे नायट्रेट झाले. पण नत्र पाण्यातच आहे, फक्त अंगरखा बदलला. ते पाण्याबाहेर काढायचे तर त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडायचा. हवेचे चार पंचमांश तोच वायू आहे, त्यामुळे त्याने कोणाचे काही बिघडत नाही. हे काम जिवाणूंची दुसरी जात करते. ही आपल्यासारखीच अन्न खाणारी, प्राणवायू घेणारी. मात्र प्राणवायू संपला तर ती नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेते आणि उरलेले नत्र बुडबुडे होऊन उडून जाते. ताजी भाकरी समोर असता शिळी कोण खाईल? म्हणून या टाकीत हवा अजिबात नको. पाणी नुसते ढवळत ठेवायचे.

आता खरी अडचण येते. या दुसऱ्या जातीला जेवण लागते, म्हणजे मैल्यातले सेंद्रिय पदार्थ लागतात. आधी हवेच्या टाकीत अमोनियाचे नायट्रेट करायला जावे, तर तेथले सामान्य जिवाणू तोवर सगळे सेंद्रिय पदार्थ फस्त करतात. पाणी दुसऱ्या टाकीत पोचते तेव्हा नायट्रेट आहे, पण खायला काही नाही. उलट क्रम लावावा, तर अन्न आहे पण नायट्रेट अजून तयारच झालेले नाही. लग्नघरात वाढपी आणि पाहुणे वेगवेगळ्या मांडवात अडकावेत तशी ही गत.

यावर तोडगा निघाला तो असा. हवा नसलेली टाकी पहिली ठेवायची. ताजे मैलापाणी, म्हणजे जेवण, सरळ तिच्यात सोडायचे. हवेची टाकी दुसरी. तेथे तयार झालेले नायट्रेटचे पाणी पंपाने पुन्हा पहिल्या टाकीत आणायचे. पहिली कल्पना अमेरिकेत लुडझॅक आणि एटिंगर यांनी १९६२ मध्ये मांडली. दक्षिण आफ्रिकेतले अभियंते जेम्स बर्नार्ड यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत तिला हे फिरत्या पाण्याचे व्यवस्थित रूप दिले. किती पाणी फिरवायचे याचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. येणाऱ्या पाण्याच्या चौपट पाणी मागे फिरवले, तर दुसऱ्या टाकीतून निघणाऱ्या पाच घागरींतल्या चार परत पहिल्या टाकीत जातात आणि एक बाहेर पडते. म्हणजे नायट्रेटचा पाचवा हिस्सा बाहेर गेला, चार हिस्से वायू होऊन उडाले. दुप्पटच फिरवले तर तिसरा हिस्सा निसटतो. सगळेच फिरवत बसावे म्हटले तर पंपाचे बिल वाढते, आणि हवेच्या टाकीतला प्राणवायूही त्या पाण्याबरोबर येऊन पहिल्या टाकीचे काम बिघडवतो.

या मांडणीत दुहेरी फायदा आहे. बरेचसे सेंद्रिय पदार्थ नायट्रेटच्या प्राणवायूवर जळाल्याने तेवढी हवा फुंकण्याची वीज वाचते, आणि आंबट होत चाललेल्या पाण्याला गेलेल्या क्षारपणातला निम्मा परत मिळतो. हल्ली आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन टाक्यांऐवजी एकाच टाकीत पाळीपाळीने हवा चालू-बंद करून हेच साधतात. तत्त्व तेच. आणखी एक वेगळी जात १९९० च्या दशकात हॉलंडमध्ये, एका यीस्टच्या कारखान्याच्या सांडपाण्यात सापडली. ती अमोनिया आणि नायट्राइट एकत्र करून थेट वायू करते, तिला सेंद्रिय अन्न लागतच नाही. २००२ पासून रॉटरडॅममध्ये तिचा वापर होतो. परंतु ती फार सावकाश वाढते आणि दाट अमोनियाच्या कोमट पाण्यातच रमते. आपल्या नगरपालिकेच्या नाल्याला सध्या तरी तिचा उपयोग नाही.

जेवणाचे प्रमाण मात्र नीट समजून घ्यायला हवे. एक भाग नत्र उडवायला साधारण चार-पाच भाग बीओडी लागतो. (बीओडी म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचे माप.) घरगुती मैलापाण्यात हे प्रमाण जेमतेम जुळते. पण लहान गावांत प्रत्येक घराला सेप्टिक टाकी असते आणि टाकीवरचे पाणी उघड्या गटारात जाते. सेप्टिक टाकीने सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकलेले, नत्र मात्र तसेच. अशा गटाराचे पाणी उद्या शुद्धीकरण केंद्रात नेले तर बीओडी कमी दिसेल, सगळे खूश होतील, आणि नायट्रेट उडवायला जिवाणूंना घासच उरणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात शेवटच्या टप्प्यावर मिथेनॉल विकत आणून जिवाणूंना खाऊ घालतात. आपल्याला ते परवडणारे नाही. म्हणून माझ्या मते ज्या गावात भुयारी गटार आणि केंद्र होणार आहे, तेथे घरचे मैलापाणी सेप्टिक टाकीतून न नेता सरळ गटाराला जोडणे महत्त्वाचे. लोक आळसाने टाकी तशीच ठेवतात आणि तिचे तोंड गटाराला लावतात.

केंद्र उभे राहिले म्हणजे काम झाले असेही नाही. रात्री वीज वाचवण्यासाठी हवेचे यंत्र बंद ठेवले, तर मैला खाणारे जिवाणू लवकर सावरतात, पण अमोनियाचे मंद जिवाणू गाळाबरोबर एकदा वाहून गेले की त्यांची वस्ती पुन्हा जमायला कित्येक दिवस लागतात. आपली हवा उष्ण आहे, हे त्यांच्या पथ्यावर पडते. युरोपातल्या हिवाळ्यात ते अर्धमेले होतात. एखाद्या केंद्रात शेवटच्या निवळण टाकीत तळाचा गाळ ढेकळे होऊन वर तरंगताना दिसला, तर समजावे की नायट्रेट उडण्याची क्रिया चुकीच्या जागी चालली आहे आणि बुडबुडे गाळाला वर उचलत आहेत. नगरसेवक पाहणीला गेले की त्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचा पेला बघून परत येण्याऐवजी अमोनिया किती, नायट्रेट किती, एवढे दोन आकडे विचारावेत.

अमोनिया नाल्यात तसाच गेला तर काय होते, तेही सांगायला हवे, कारण खालच्या गावाच्या काविळीशी त्याचा संबंध आहे. पाणीपुरवठ्यात टाकलेले क्लोरीन आधी अमोनियाला भिडते. व्यवहारात एक भाग अमोनिया-नत्रामागे दहा भागांपर्यंत क्लोरीन खर्ची पडते, मग जंतूंना मारायला खऱ्या अर्थाने मोकळे क्लोरीन उरते. दिल्लीत यमुनेतला अमोनिया वाढला की जलशुद्धीकरण केंद्रांना पाणी कमी करावे लागते, ही बातमी वारंवार येते. आपल्याकडे ब्लीचिंग पावडरचे डबे मोजून टाकतात, नदीत अमोनिया किती हे कोणी मोजत नाही. उजनीच्या जलाशयात आणि कोल्हापूरच्या रंकाळ्यात जलपर्णी माजली, तिलाही खत आपल्या मैलापाण्यानेच घातले.

पुन्हा आजीबाईंच्या विहिरीकडे वळू. तुरटी, कापडाचे फडके, मेणबत्तीचा गाळणी-फिल्टर, क्लोरीनचे थेंब, अतिनील किरणांचे यंत्र, यांतल्या कशानेही नायट्रेट जात नाही. आर. ओ. यंत्राने ते बरेचसे जाते, मात्र यंत्राची जाळी वेळेवर बदललेली असली पाहिजे, आणि यंत्रातून फेकले जाणारे पाणी अधिक नायट्रेटचे असते, ते विहिरीजवळ ओतू नये. सेप्टिक टाकीत ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या रिकाम्या करू नयेत, त्याने तिथले कामकरी जिवाणूच मरतात.

सुनेच्या दुधाबद्दल सांगायचे तर बाळाला वरचेवर अंगावर घेतल्यानेच दूध वाढते. पावडरची बाटली सुरू झाली की ते आणखी आटते. आई विहिरीचे पाणी प्याली तरी तिच्या दुधातून बाळाला नायट्रेट नगण्यच जाते, म्हणून अंगावरच्या दुधाइतके सुरक्षित दुसरे काही नाही. तरीही वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाळाचे ओठ निळसर दिसले तर तासभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि ‘विहिरीच्या पाण्यात दूध कालवत होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. नुसत्या प्राणवायूने हा निळेपणा जात नाही. त्याला मिथिलीन ब्लूचे इंजेक्शन आहे, पण रोग ओळखला गेला तरच ते दिले जाते.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, त्याच विहिरीच्या पाण्याने दोन-तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. नमुना घरात दोन दिवस राहिला तर आकडा बदलतो, कारण बाटलीतही जिवाणूंचे काम चालूच असते.